पापणी धरायला

लोणावळा, १४ डिसेंबर २०२५

ती. आक्कास, सा. न.

सकाळी टपरी उघडली. रविवार, त्यामुळे जुन्या हायवेवर गाड्या इंजिन चालू ठेवूनच खोळंबलेल्या. चहा बरा खपला. संध्याकाळी लवकर बंद केली.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तुझ्या समर्थच्या जीपमधून चिठ्ठी पाठवतो. मामा गिऱ्हाइकांसमोर रडत होता, असं त्याने तुला सांगितलं म्हणे. मी रडत नव्हतो. धुराने डोळे चुरचुरतात, मग पाणी सुटतं. डॉक्टर म्हणाले, डोळे आतून कोरडे पडलेत, म्हणूनच पाणी वाहतं. थेंब दिलेत. धुरात बसणं सोडा, नाहीतर नजर अधू होईल, असंही म्हणाले.

माधवी गेली तेव्हा मी रडलो नाही म्हणून दहाव्याला लोक कुजबुजले. आता तेच चहा पिऊन पाठीवर हात फिरवतात. मी पुढचा चहा गाळतो.

लग्नानंतर टपरी तिनेच उभी केली. बंद करवत नाही.

काळजी करू नकोस.
तुझा विठ्ठल

पवनानगर, १७ डिसेंबर

चि. विठ्ठलास आशीर्वाद.

मी सांगतीय, नात समीक्षा लिहितीय. धुराचं पाणी असू दे न्हाईतर रडण्याचं, डोळे तुजेच हायेत ना? टपरी माधवीची, व्हय. पर तुला आंधळं करायला मांडली न्हवती तिनं. हितं धरणाकाठी ये. तंबूत ऱ्हायला येणारी पोरं चहा लय पित्यात. थेंब मी घालीन. लहानपणी तुजे चिकटलेले डोळे मीच धुवायची, तवा सगळी आळी गोळा करायचास.

आक्कावर माया हाय तशी ऱ्हाऊ दे.
धोंडाबाई

लोणावळा, २१ डिसेंबर

ती. आक्कास, सा. न.

आज टपरी उघडली नाही. भांडी घासून पोत्यात भरली. शेजारच्या भेळवाल्या गेणूने विचारलं, तर बहिणीकडे जातो म्हणालो. बुधवारी समर्थ सामान न्यायला येईल. मीही त्याच जीपने येतो.

याआधीही थेंब होतेच. ते माधवी घालायची. एका हाताने पापणी वर धरायची आणि मला छताकडे बघायला लावायची. ती गेल्यावर राहूनच गेलं. डॉक्टरांनी दिलेली नवी बाटलीही अजून बंदच होती. तू घालीन म्हणतेस, पण तुझा हात कापतो, थेंब नाकात जाईल. म्हणून आपणच शिकावं म्हटलं.

समीक्षाला आशीर्वाद. तुझा लोभ आहेच.
विठ्ठल

ता. क. आत्ता आडवा पडून बघितलं. पहिला थेंब गालावर ओघळला. पुसला, आणि पापणी पुन्हा धरली.