कठड्याचा लेयर

२ मार्च, सोमवार
चांगहुआ शहरात बस्तान बसलं एकदाचं. खाली ल्याव मालकांचं वर्कशॉप, तिथे कारखान्यांसाठी लोखंडी माळे आणि जिने बनतात. वरच्या मजल्यावर ड्रॉइंग विभाग, म्हणजे मी एकटीच. शेजारच्या टेबलावर हिशेब बघणाऱ्या श्यो-लान ताई बसतात. दुपारच्या डब्यात कोंबडीची तळलेली तंगडी निघाली, तेव्हा लोक चांगले असावेत.

माझ्या कॉम्प्युटरवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट आहे. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ते इथे सगळीकडेच ठेवतात. पिवळं चालत नाही, मुदत संपलेलं चालत नाही आणि कुणी खाल्लं तर मग यंत्राची हमी नाही. ताईंनी मार्कर दिला, यंत्राकडून काय हवंय ते पाकिटावर लिही म्हणाल्या. मी म्हटलं, आधी ओळख तर होऊ दे.

५ मार्च
ओळख झाली. सकाळी उघडते तर सगळे टूलबार गायब. तासभर झटापट करून मांडणी मूळपदावर आणली. मालक खूश झाले.

माळा किती उंच ते कळावं म्हणून ड्रॉइंगमध्ये एक माणूस उभा करतात. आमच्याकडचा माणूस म्हणजे आ-खुन मिस्त्री. साइटवर माळे बसवतो तो. माझ्या आधीच्या मुलाने त्याच्या फोटोवरून काढलाय, टोपीसकट, एक खांदा उतरलेला. आज खराखुरा आ-खुन सुपारी चघळत वर आला आणि तक्रार करून गेला, की दिवसभर मला कागदावर उभं करता, साधा चहासुद्धा पाजत नाही. मला तो फार आवडला.

११ मार्च
गोदामाचा माळा. मधोमध मालाच्या लिफ्टसाठी मोठं भोक. पीडीएफ काढायला गेलं की अर्ध्यावर अडकतं. ड्रॉइंगमध्ये लेयर असतात, पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे. एकेक झाकून पाहिला. घोळ भोकाभोवतीच्या कठड्याच्या लेयरमध्ये होता. तो झाकला, पीडीएफ झटक्यात निघालं, खाली वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या कापणीलाही गेलं. कठड्याचं पान नंतर वेगळं पाठवेन.

मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या भरात पाकिटावर लिहून टाकलं: जे अडवतं ते दाखवू नकोस.

१७ मार्च
साइटवरून आ-खुनचा फोन. "पोरी, भोकाला कठडा नाही का?"

कठड्याचं पान! पार विसरले होते. मालक समोर उभे होते, गेल्याच आठवड्यात कौतुक केलेले. चूक झाली एवढं म्हणायला जीभ रेटेना.

"ड्रॉइंगमध्ये नाही म्हणजे नाही," मी म्हणाले.

तो हसला. तू शिकलेली बाई, तू म्हणशील तसं, म्हणाला. कठड्याचं पान उद्या गुपचूप पाठवते.

१८ मार्च
आ-खुन पडला. पत्रा ओढत मागे मागे येत होता, मागे भोक. दवाखान्यात नेईपर्यंत गेला.

ताई रडत होत्या. मला कुणी काहीच विचारलं नाही. कुणीतरी विचारायला हवं होतं.

२० मार्च
मालकांनी दार लावून घेतलं. झाकलेला लेयर त्यांना फाइलमध्ये सापडला होता. तपासणीचे साहेब येणार आहेत. कठड्याचा लेयर उघड आणि जुन्या तारखेने नवं पान काढ, म्हणाले. म्हणजे कठडा ड्रॉइंगमध्ये होता, आ-खुननेच बसवला नाही, असं ठरेल. मी काढलं. या वेळी पीडीएफ कुठेच अडकलं नाही.

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. मी तिला पाणी दिलं. तिने माझे आभार मानले.

२५ मार्च
बालवाडीचा जिना. स्क्रीनवर कठडा आहे, पीडीएफमध्ये नाही. लेयर उघडा आहे, त्याची छपाईही बंद केलेली नाही. फाइल दुरुस्त करून झाली, नव्या फाइलमध्ये सगळं पुन्हा काढून झालं. नाहीच.

आणि पानावर आ-खुन उभा आहे. मी ठेवला नव्हता.

२६ मार्च
ताईंच्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. तेच. जुनी पीडीएफं उघडली. सगळ्यांतले कठडे गेलेत. प्रत्येकात तो. पाठमोरा, कडेपाशी. मघाशी उघडलं तेव्हा जरा लांब होता, आता—

ते लिहिलेलं पाकीट कचऱ्यात टाकलं. जेवून आले तर जागेवर. ताई म्हणतात, त्यांनी हात लावला नाही.

२७ मार्च
बालवाडीचं पान खाली गेलंय. मी पाठवलं नाही. कापणी सुरू आहे, आवाज येतोय.

सांगायला हवं. पण हे सांगितलं की ते सांगावं लागेल. आ-खुनचं, आणि सगळ्यांसमोर. मालकांच्या दारापर्यंत गेले, परत आले. त्याला मारलं ते मारलं, वर दोषही त्याच्याच माथी मारला. इतकी नीच आहे मी, आणि डबा मात्र खाल्ला.

३० मार्च
जिना बसवताहेत. उद्या मुलं येणार.

पान पुन्हा उघडलं. पायऱ्यांवर छोटी माणसं आहेत. आ-खुन आता पाठमोरा नाही. कठडा हवा तिथे, उघड्या कडेला उभा आहे, दोन्ही हात पसरून. टाचा बाहेर, हवेत—

फोन वाजतोय. बालवाडीवरून.

उचलला. फोन खांद्यात धरून लिहितेय. सुपारी चघळल्याचा आवाज.

"पोरी, कठडा नाही का?"

मालक दारात. बघताहेत माझ्याकडे. बघू देत. सांगते. कठडा आहे, बसवा, हाही मीच झाकला, तोही मीच— एवढंच तर म्हणायचंय—

तोंड उघडलं. माझाच आवाज. अगदी शहाण्यासारखा. ड्रॉइंगमध्ये नाही म्हणजे—