कूळ न विचारणारी चूल

मी, अंबरो गेल्ले, राहणार गेदतागन, बर्बेरा बंदराचा रस्ता, पूर्ण शुद्धीत आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी वाद घालून पाहावा. अल्लाचं नाव घेऊन, कोणाच्याही दबावाखाली न येता, हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे.

१. राहतं घर, उंटिणी आणि शेरडं माझा मुलगा रोबले याला. शरियतीने त्याचा वाटा त्याला मिळतोच, त्यात माझे उपकार नाहीत.

२. उरलेला तिसरा हिस्सा वारस नसलेल्या माणसाला देण्याची मला मुभा आहे. त्यात माझं हॉटेल, चूल, किटल्या आणि धुरी दिलेली दुधाची भांडी येतात. हे सगळं सून सागल हिला. माझा धाकटा दीरिये लॉरी उलटून गेला, त्याची ही बायको.

रोबलेचं म्हणणं, ती दुसऱ्या कुळातली, तिला माहेरी पाठव, घराण्याची चूल परक्या हातात का? अरे बाबा, ही चूल घराण्याची कधी होती? बाभळीखाली मी तीन दगड मांडले तेव्हा इथे गावच नव्हतं. चहासाठी लॉऱ्या थांबू लागल्या, मग पंक्चरवाला आला, मग मशीद. कुळाकुळांच्या लढाईच्या वर्षांत दोन्हीकडचे ड्रायव्हर बंदुका बाभळीला टेकवून माझ्याकडे एका परातीत जेवले, कारण माझ्या दारात कोणी कोणाचं कूळ विचारत नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

गेल्या वर्षी मी तापाने पडले, रोबले गल्ल्यावर बसला, आणि एका तहानलेल्या ड्रायव्हरला त्याने विचारलंच, "कुणातला रे तू?" तो माणूस घोटभर पाणी न घेता उठला. सागल दुधाचं भांडं घेऊन लॉरीमागे धावली. म्हणाली, "दादा, आधी प्या, मग हवं तेवढं रागवा." तो प्याला. वाटणी त्याच दिवशी झाली, कागद आज होतोय.

३. समोरच्या हॉटेलवाल्या बुल्हानला माझी जुनी गाळणी द्यावी. त्याच्या चहातला चोथा गिऱ्हाइकांनी किती दिवस चावायचा?

४. सागलने पुन्हा लग्न केलं तरी हॉटेल तिचंच. मात्र तिने कोणाला कूळ विचारलं, तर कयामतीच्या दिवशी तिची गचांडी धरीन.

गेदतागन, शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर.

अंबरो गेल्ले (अंगठा)

रोबले: ऐकलं, मान्य. (तोंड फुगवून, पण मान्य.)

साक्षीदार:
शेख हांडुले, मशिदीचे इमाम.
डावखुऱ्या (सगळे याच नावाने हाक मारतात), लॉरीचालक, दूध प्यालेला तो हाच. बापाचं नाव व कूळ: विचारलं नाही.