दुय्यम केंद्राने तक्रार करू नये

आई,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, माझा आवाज दाबला गेला आणि त्यापायी एका मुलीचा हात मोडला. मोडणारा तिचा नवरा. पण दाबणारेही कुणीतरी आहेत, आणि त्यांना मी सोडणार नाही. रेडिओ म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. बाबांनी बटण उजवीकडे पिरगाळलं की तू स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सरकायचीस. गाणं मोठं व्हायचं, मग कमरेचा पट्टा निघायचा. शेजारी म्हणायचे, तुमच्याकडे गाण्याची फार आवड. मी दाराआड उभी आहे. सकाळीच कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने बोटांवर पट्टी हाणून सुनावलेलं असतं, "स्पीक अप, चाइल्ड." आणि तू फुटक्या ओठांनी म्हणतेस, "हळू बोल गं."

मी हळू बोलत नाही. डेट्रॉइटबाहेरच्या आमच्या गावात शंभर वॉटचं एक एफएम केंद्र आहे, हौशी लोकांच्या समितीने चालवलेलं. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी तिथे मराठीचा एक तास मी करते. बातम्या, पाककृती, थोडी खरडपट्टी. नदीपलीकडे कॅनडा. तिथल्या एका मोठ्या केंद्राची ताकद वाढणार, त्याची फ्रिक्वेन्सी आपल्याला खेटून आहे, हे समितीला उन्हाळ्यातच कळलं होतं. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीसाठी अर्ज करता येत होता. मी म्हटलं, करा. समितीत सगळे आयटीवाले. त्यांचा पुण्याचा अध्यक्ष हसला. "काकू, रेडिओ कोण ऐकतं यार आता? आपलं ॲप आहे ना."

"ज्यांचे फोन नवरे तपासतात, त्या ऐकतात," मी म्हटलं.

"अशा कितीशा असणार?"

एक होती. किराणा दुकानात कोथिंबीर निवडता निवडता, मान वर न करता, ती माझ्याशी बोलली होती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, हातात पैसा नाही, गळ्यावर पिवळे पडलेले वळ. "मावशी, फोन तो रोज बघतो. कुठं जायचं ते रेडिओवर सांगा. सैपाक करताना मी ऐकते, त्यात त्याला काही वाटत नाही." मारहाणीतून सुटलेल्या बायकांना ठेवून घेणारं एक घर इथे आहे. त्यांची गाडी यायला तयार होती. आमचं असं ठरलं, की पाककृतीनंतर मी मोदकांच्या वर्गाची घोषणा करायची. वर्गाचं ठिकाण तेच गाडीचं ठिकाण. मी अगदी सावकाश सांगितलं, "उकडीच्या मोदकांचा वर्ग उद्या सकाळी दहा वाजता, लायब्ररीच्या मागच्या दाराशी."

स्टुडिओत बसून मला काय कळणार? तिच्या ओट्यावरच्या रेडिओत मोदक आले, दहा वाजता आले, आणि लायब्ररीवर कॅनडाच्या केंद्रावरची आइस हॉकीची कॉमेंट्री येऊन आदळली. मोदकांचे वर्ग इथे नेहमी देवळाच्या स्वयंपाकघरात होतात. कुठल्याही मराठी बाईने जे केलं असतं तेच तिने केलं. पासपोर्ट पिशवीत घालून देवळाच्या बंद दाराशी उभी राहिली. मी लायब्ररीमागे गाडीत बसून वाट पाहत होते. देवळातल्या कुणीतरी कौतुकाने तिच्या नवऱ्याला फोन केला, वहिनी लवकर आल्यात, आत घेऊ का. घरी नेऊन त्याने तिचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं.

मला हे कळायच्या आधी, ऐकणाऱ्यांच्या तक्रारी आल्या म्हणून मी सरकारी कार्यालयात फोन लावला होता. माणूस फार सभ्य. "मॅम, तुमचं केंद्र सेकंडरी आहे. दोन देशांच्या करारात संरक्षण मोठ्या केंद्रांना असतं. लहान केंद्राने कुणाच्या प्रसारणात अडथळा आणायचा नाही, आणि त्याच्या प्रसारणात कुणी आणला तर तो सहन करायचा." मी म्हटलं, हा नियम मला तोंडपाठ आहे, आमच्या घरात चालायचा.

बुधवारी ती आणि तिचा नवरा त्याच दुकानात. तिचा हात प्लास्टरमध्ये, कोपरापर्यंत. तो हसतमुख. "काय काकू, कशा आहात? ही बाथरूममध्ये घसरली. इतकं सांगतो, ऐकतच नाही."

"आणि तुझा हात कुठे घसरला?" मी विचारलं.

त्याने आवाज खाली आणला. "काकू, हा आमचा पर्सनल मॅटर आहे. तुम्ही आपल्या रेसिप्या सांगा."

मी त्याच्या तोंडावर नारळ हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज ऐकला, आणि तो खाली बसत असताना पुन्हा हाणला. भेंड्यांच्या ढिगावर रक्त उडालं. माझ्यात बाबांचा दंड आहे, आई, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला त्याची किळस आली नाही. पोलीस आले. त्यांनी मला बेड्या घातल्या. तेव्हा ती मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "मावशी, यांना इंग्रजीत सांगा, मी याच्याबरोबर घरी जाणार नाही." मी सांगितलं. सिस्टर खूश झाली असती.

ती आता सुटलेल्या बायकांच्या त्या घरात आहे. समितीला आणि सरकारी कार्यालयाला मी खरमरीत लिहिलंय, महिनाअखेरीच्या आत लेखी उत्तर द्या म्हणून. माझी शुक्रवारी कोर्टात तारीख आहे. तू आता नाहीस, हा कागद कुठेच जायचा नाही, तेव्हा इथे सांगते. नारळ हातातच होता, असं मी पोलिसांना सांगितलंय. नव्हता. मी आधी एक लहान उचलला, तो खाली ठेवला, आणि मोठा घेतला. कोर्टात खरं सांगू का, ते मला गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत कळव. लेखी.