झटका उठतो ती जागा

आमच्या कारभारणीस, दुरून प्रेम आणि थोडी कुरकुर.

निघताना तू डोक्यावर थापलेल्या तेलामुळे मेंदू तपासायच्या तारा चिकटेनात. तारा लावणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, डोकं आहे की कढई?" मग तिनेच धुऊन दिलं.

तारांना कवटीवरची खळबळ तेवढी कळते. तिच्यावरून फिटचा झटका आत कुठून उठतो, ते डॉक्टर गणिताने काढतात. सापडली बरं का जागा! फक्त माझं बोलणं जिथून होतं, ते ठिकाण तिला अगदी खेटून आहे. उद्या ऑपरेशन. डॉक्टर हुशार आहेत, जेवणही बरं असतं.

तुझे गुडघे काय म्हणतात? थोरलीला इतक्यात काही सांगू नकोस.

शुद्धीवर आलो की नर्स फोन लावून देईल. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, तर फोन ठेवू नकोस. तूच बोलत राहा.

तुझाच,
बडबड्या