उसाची जीप, झांस्करचा रस्ता

३ एप्रिल

सांगलीला डोळ्यांच्या डॉ. कडं. ह्यांचा काचबिंदू पुढं सरकलाय. कडंचं दिसत नाही, समोरचं तेवढं नळीतनं बघितल्यासारखं. गेलेलं परत यायचं नाही. "काय बघायचं राहिलं असेल तर यंदाच बघून घ्या."

बाहेर येऊन हे एकच शब्द बोलले. "झांस्कर."

मिलिटरीत असताना ह्यांनी तीन वर्षं तिथं लडाखात, त्या खडीवर ट्रक चालवला. लग्नापासून ऐकतेय, तुला एकदा दाखवतो. आता चालवणार कोण?

मी. ठरलं.

डोळ्यांचे थेंब सकाळ-संध्याकाळ दिले.

५ एप्रिल

सचिनचा पुण्याहून फोन. "आई, तू कोरेगावच्या पुढं गाडी नेलेली नाहीस! विमानानं जा." म्हटलं, बाळा, तीस वर्षं नर्स होते, चिखलातनं मोपेड दामटत बाळंतपणं केलीत, मला रस्ता शिकवू नकोस. ठेवला फोन.

हे कॉटवरनं, "विमानातनं रस्ता कसा दिसंल?"



१४ एप्रिल

जीप काढली. उसाचं बियाणं वाहायला ह्यांनीच मागं स्प्रिंगला जादा पाटा घालून ठेवलाय. आज चाकांत हवा ठासून भरून घेतली. बुक्की मारून बघतात, "टणक पायजे." दोन स्टेपन्या, डिझेलचा कॅन, दोर. माझा शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बघून हे म्हणाले, "लढाईला निघालीयस का?" व्हय, म्हटलं.

२० एप्रिल

माहेरी, दहिवडीच्या पलीकडं. दादाच्या मेंढवाड्यापर्यंत चार कि.मी. सुटी खडी. सरावाला याच्यासारखी जागा नाही.

जीप रिकामी, ताठ. नुसती उड्या मारत होती. उतारावर ब्रेक लावला तर मागचं धूड आडवंच फिरलं, चाक चरीत. लागलं नाही कुणाला. हे ओरडले, "बडबड करत चालवतीयस! तोंड बंद ठेव, हात चालव!"

मी खाली उतरले नि म्हटलं, तुम्हीच चालवा मग.

बोलून गेले. हे चाचपडत दार उघडून खाली उतरले. जीभ हासडावी वाटली माझी मला.

२१ एप्रिल

दादानं ट्रॅक्टर लावून जीप काढली. खाली वाकून बघितलं नि हसायलाच लागला. "दाजी, ही उसाची गाडी हाय. खडीवर एवढी ताठ कशापायी?"

हे मटकन दगडावर बसले. "आरं, मिलिटरीत रिकामा ट्रक असला की आमी हवा उतरवायचो. मीच शिकवायचो पोरांस्नी. धा वर्षं ऊस वाहून वाहून समदं इसरलो बघ."

मग माझ्याकडं तोंड करून, "तुजी चूक न्हवती."

एवढं ऐकायला अठ्ठावीस वर्षं लागली! पण आनंद काही झाला नाही.

२४ एप्रिल

सांगली. पाटा काढायला मिस्त्री राजी होईना. "आवं काकी, सीझनला बियाणं कशात वाहनार?" म्हटलं, डोक्यावर वाहीन, तू काढ. काढला.

९ मे

आठवी फेरी दादाच्या खडीवर. चाकं मऊ, जीप शहाणी झाली. हे शेजारनं, "दगडाकडं बघू नगंस. जायचं तिकडं बघ." उतारावर ब्रेकला पाय न लावता दुसऱ्या गिअरात उतरवली. ह्यांनी मांडीवर थाप मारली, स्वतःच्याच. तोंडाला मी कुलूप घातलेलं. लय अवघड जातं.

२ जून

ह्यांच्या जुन्या सोबत्याचा फोन, तिकडचा बर्फ काढला, रस्ता उघडला. डांबर पडत चाललंय म्हणे, पण खडी हाय अजून. डॉ. ना विचारलं. जा, पण थेंब चुकवू नका.

चहाचा कप उचलताना ह्यांचा नेम दोनदा चुकला आज. बघितलं नाही असं दाखवलं.

७ जून, नीरा

चहाला थांबलोय. लिहून टाकते.

पहाटे निघालो. मी गप्प, हात स्टेअरिंगवर. लोणंदला रेल्वेचं फाटक लागलं, थांबले. अगदी नाकासमोर, लाल-पांढरं धूड.

"का थांबलीस गं?"

म्हणजे आता समोरचंही दिसत नाही ह्यांना. "फाटक लागलंय," म्हटलं.

"हं."

मालगाडी गेली, डबा न् डबा. फाटक उघडलं तरी मी तशीच. मागचे हॉर्न मारायला लागले.

"माघारी फिरायचं का?"

"मी म्हनलो व्हय तसं?" मग, "बोलत चल."

"तुम्हीच तर तोंड बंद..."

"आता बोल. काय दिसंल ते समदं. उजवं, डावं, समोरचं. तिकडं पोचल्यावरबी."

पहिला गिअर टाकला. रूळ, म्हटलं. पलीकडं कांद्याच्या गोण्या भरलेला टेम्पो. एक बाई शेळीला ओढतीय, शेळी येत नाही. हे हसले. माझे डोळे भरलेले, ते तेवढं सांगितलं नाही.

नीरेपर्यंत बोलत आले. घसा बसलाय. अजून दोन हजार कि.मी. आहेत.

थेंब सकाळचे दिले.