सैल झाकणं

कोल्हापूर, ७ मार्च २००९

तीर्थरूप अव्वा, तुला महादेवीचा नमस्कार.

आज शनिवार, शाळा सकाळची होती. येताना डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घेतली. दुकानदार म्हणाला, "बाई, ही दारू सोडायची गोळी हाय की! घरात कोण पितंय?"

मी म्हटलं, "आता कोण न्हाय. माझ्या सांध्यांना पाहिजे."

काळजी करू नकोस. अगदी थोड्या मात्रेत तिनं काहींची सूज उतरते म्हणे. खात्री डॉक्टरही देत नाहीत. एक गोळी पन्नास मिली पाण्यात विरघळवायची आणि रोज त्यातलं दोन मिली घ्यायचं.

हीच गोळी यांना दिली होती. महिनाभर घेतली, मग सोडली. पण सकाळी माझी बोटं वळत नाहीत, म्हणून कामावर निघताना सगळ्या डब्यांची झाकणं सैल करून ठेवायचे. त्यात शेवटपर्यंत खंड पडला नाही.

यांना जाऊन चार महिने झाले. तू नेसरीला ये म्हणतेस, पण थोडे दिवस इथंच राहू दे. अण्णांचा खोकला थांबला का? म्हैस व्याली का?

दुपारी बोटं जरा चालतात. पाकीट चिकटवून उद्यासाठी चहा-साखरेची झाकणं सैल करून ठेवते.

तुझी लेक,
महादेवी