अध्यक्षाची पाटी

बेज्जूर, १२ फेब्रुवारी १९८९

चंद्रभागेस देवाजीचा सप्रेम जयभीम.

मी बरा हाय, जेवण वेळेवर होते. पमीचा खोकला उतरला काय?

काल संस्थेचा अध्यक्ष म्हणून जंगलातल्या आतल्या गावात गेलो. तिथला हातपंप मीच बसवला होता, तवा मी नुसता मिस्त्री होतो. त्या गावात पाहुण्याले आधी पाण्याचा तांब्या देतात, मंग बोलतात. काल कोणी पाणी विचारलं नाही. माझे कान किती तिखट, तुले ठाऊकच हाये. एका दाराआडून ऐकू आलं, "अध्यक्ष आला, आत चला."

निघताना लच्चूबाई पंपापाशी हळूच बोलली, "मिस्त्रीभाऊ, जंगलवाले नक्षली दादा बंदुका घेऊन येऊन गेले. पोलिसाले खबर देणारा अध्यक्ष कोणता, म्हणे. आमी म्हटलं, आमाले फक्त मिस्त्री माहीत."

खबर मी देल्ली नाही, पण जंगलात हे कोणाले सांगू? तू घाबरू नको, दोघांच्या वाट्याचं मीच घाबरून राह्यलो.

ही चिठ्ठी आजच्या बसवाल्याजवळ धाडतो, मी परवाच्या बसनं येतो. तोवर दारावरची पाटी उतरवून कोठीमागं ठेव. लय हौसेनं रंगवली होती. कोणी विचारलं तं सांग, आमचे घरवाले पंप दुरुस्त करतात.

तुझा,
देवाजी मिस्त्री